गवतावरची राख : श्लेष्मबुरशीच्या अभ्यासाची प्रस्तावना

आषाढात चार-सहा दिवस झड लागावी आणि मग एखादा दिवस उघडीप मिळावी, की बंगल्यांच्या, सोसायट्यांच्या, शाळा-महाविद्यालयांच्या लॉनवर एक ठरलेला प्रकार दिसू लागतो. काल संध्याकाळपर्यंत हिरवीगार असलेली वीतभर-हातभर जागा सकाळी राखाडी झालेली असते. कुणी तरी बंबातली राख तिथे ओतली असावी, असे लांबून वाटते. जवळ बसून पाहिले तर प्रत्येक पात्याला शेंड्यापर्यंत बारीक राखाडी मणी चिकटलेले असतात. माळी सांगतो, बुरशी लागली. नर्सरीतून बुरशीनाशकाची पुडी येते, पंप भरला जातो, फवारणी होते. आठ-दहा दिवसांत राख नाहीशी होते आणि औषध लागू पडले म्हणून सगळे निश्चिंत होतात. फवारणी केली नसती तरी ती साधारण तेवढ्याच दिवसांत गेली असती, हे कुणाच्या लक्षात येत नाही. कारण अर्ध्या लॉनवर औषध मारून अर्धे तसेच ठेवण्याचा धीर कुणाला होत नाही.

या राखेचे नाव फायसारम सिनेरियम. ती ज्या गटात मोडते त्याला इंग्रजी पुस्तके स्लाइम मोल्ड म्हणतात, शास्त्रज्ञ मिक्सोमायसीट्स म्हणतात आणि आपण श्लेष्मबुरशी म्हणू. नावात बुरशी असली तरी हे जीव बुरशी नाहीत; अमीबाचे नातेवाईक आहेत. बुरशी आपल्या तंतूंतून पाचकरस बाहेर सोडते आणि विरघळलेले अन्न शोषून घेते. श्लेष्मबुरशी जिवाणू, किण्वपेशी, बुरशीचे बीजाणू अख्खेच्या अख्खे गिळते. गवताच्या मुळाशी वाळक्या काड्यांचा आणि कापलेल्या पात्यांचा जो कुजका थर साठतो, त्यात तिची शिकार चाललेली असते. गवताशी तिचे काही देणेघेणे नाही. पाते हे तिच्या दृष्टीने फक्त चढायची जागा. म्हणूनच तीच राख कुंडीच्या काठावर, विटेवर, बागेत विसरलेल्या रबरी चपलेवरही सापडते, आणि रबराला बुरशीनाशक मारावे असे कुणाला वाटत नाही.

पुढच्या प्रकरणांत या गटाची रचना, वर्गीकरण आणि ओळखीच्या किल्ल्या आल्या आहेत. प्रस्तावनेचे काम वेगळे आहे. ज्याने कधी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलेला नाही आणि ज्याला फक्त आपल्या लॉनची काळजी आहे, अशा वाचकाला आत घेणे हे ते काम. माझे म्हणणे एवढेच, की या अभ्यासाचे दार जंगलात नसून अंगणात आहे आणि पुष्कळांनी ते फवारणीचा पंप हातात घेऊन बंद केले आहे.

आधी ओळख पक्की करू, कारण लॉनवर राखाडी-पांढरे दिसणारे सगळेच निरुपद्रवी नसते. पाते दोन बोटांत धरून हलकेच ओढावे. श्लेष्मबुरशी असेल तर मणी सुटून येतात, बोटांना काळपट पूड लागते आणि खालचे पाते स्वच्छ, हिरवे, अखंड निघते. तिथे डाग नसतो, जखम नसते. शेतकऱ्याला भुरी माहीत असते. भुरीही पांढुरकी दिसते, पण तिचे तंतू पानाच्या पेशींत चूषके रोवून बसलेले असतात, पुसली तरी खालचे पान पिवळे पडलेले आढळते. तांबेऱ्याची पूडही बोटाला लागते, मात्र ती नारिंगी-तांबूस असते आणि पानाची साल फोडून आतून आलेली असते; बोट फिरवल्यावर फुटलेल्या पुळ्या तशाच दिसतात. पहाटेच्या दवात गवतावर कोळिष्टकासारखे पांढरे धागे दिसले, ऊन पडताच गेले आणि मागे वाळक्या काडीच्या रंगाचे चट्टे राहिले, तर तो खऱ्या बुरशीचा रोग आहे आणि त्याच्यावर उपाय करावाच लागतो. ओल्या फरशीवर आणि विरळ गवतात जे हिरवट-काळे बुळबुळीत पापुद्रे साचतात, ते नॉस्टॉक; ती नीलहरित जिवाणूंची वसाहत. हे एकदा हाताने तपासले की पुन्हा गल्लत होत नाही. भिंग असेल तर आणखी एक गंमत पाहता येते. फायसारमच्या मण्यांच्या आवरणात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे कण असतात. आम्लाचा थेंब टाकला तर ते विरघळतात आणि बारीक बुडबुडे निघतात. वर्गीकरणात ही चुन्याची खूण फार मोठी मानली जाते.

राखेच्या आधीची अवस्था बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मणी तयार होण्याच्या आदल्या रात्री त्याच जागी पांढरट किंवा पिवळसर, ओलसर, चिकट लेप चढत असतो. हा प्लाझ्मोडियम, या जीवाचे खरे शरीर. बीजाणू ओलाव्यात रुजला की त्यातून अमीबासारखी पेशी बाहेर पडते. पाणी भरपूर असेल तर तीच पेशी शेपट्या काढून पोहू लागते, पाणी आटले की शेपट्या आवरून पुन्हा सरपटते. अशा दोन पेशी मिळाल्या की वाढ सुरू होते, आणि इथे नेहमीचा नियम मोडतो. केंद्रके एकाच वेळी विभागत जातात, पेशी मात्र विभागत नाही. हजारो, पुढे लाखो केंद्रके एकाच पडद्याआड नांदतात. तळहाताएवढा लेप ही एकच पेशी असते. तिच्या शिरांतला द्रव साधारण मिनिटभर एका दिशेला वाहतो, थबकतो आणि उलटा फिरतो. त्याचा वेग सेकंदाला एक मिलिमीटरच्या पुढे जाऊ शकतो. कमी शक्तीच्या सूक्ष्मदर्शकाखाली हा प्रवाह पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी बराच वेळ खुर्चीवरून उठत नाही, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

हा लेप एरवी उजेड टाळतो. काड्यांच्या थराखाली, ओल्या पाचोळ्यात तो दडून असतो, म्हणून आपल्याला त्याचा पत्ता नसतो. अन्न संपले, भूक वाढली, की वागणे उलटते. तो वर येतो, उजेडात येतो, जी उंच वस्तू सापडेल तिच्यावर चढतो आणि तासा-दोन तासांपासून एका रात्रीपर्यंतच्या अवधीत सगळे शरीर मण्यांत बदलून टाकतो. मणी म्हणजे बीजाणूंच्या डब्या. त्या वाऱ्यावर, उंचावर, कोरड्या जागी हव्यात. गवताचे शेंडे त्याला सोयीचे पडतात. तेव्हा लॉनवर राख दिसली याचा अर्थ आक्रमण सुरू झाले असा नसून मुक्काम संपला असा आहे. हा साधा क्रम लक्षात आला तर फवारणीचा निम्मा खप कमी होईल. पाऊस मध्येच ओढ देऊन कोरड पडली तर लेप आकसून कडक पापुद्रा होतो आणि ओलावा मिळताच पुन्हा चालू लागतो. बीजाणू तर दशकानुदशके तग धरतात. त्याच कोपऱ्यात दरवर्षी राख उगवते ती यामुळे.

मग करायचे काय? शक्यतो काहीच नाही. लॉनवर लग्न-मुंज असेल आणि राख डोळ्यांना खुपत असेल तर उघडीप असताना खराट्याने झाडून काढावी, पाइपच्या जोरदार धारेने धुवावी किंवा गवत कापून कातरण उचलून न्यावे. सलग पाऊस चालू असताना धुण्यात अर्थ नाही. ओल वाढते आणि बीजाणू तेवढेच पसरतात. ते पसरल्याने बिघडतही काही नाही म्हणा, कारण ते आधीच सगळीकडे आहेत. दाट थर चार-दोन दिवस राहिला तर झाकलेले पाते उन्हाअभावी थोडे पिवळे पडते, पुढच्या फुटव्यात भरून येते. दरवर्षीचा त्रास कमी करायचा असेल तर हात गवताखाली घालावा लागतो. काड्यांचा थर पंज्याने ओढून काढणे, जमीन घट्ट झाली असल्यास काट्याने टोचून हवा खेळती करणे, पाणी साचू न देणे, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी देणे, आणि कच्चे शेणखत जाडसर पसरण्याचा मोह आवरणे. हरळीच्या विरळ लॉनपेक्षा गादीसारख्या दाट, न विंचरलेल्या लॉनवर हा प्रकार जास्त दिसतो, याचे कारण हेच. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशके बुरशीसाठी बनवलेली आहेत. अमीबाच्या भाईबंदांवर ती मारणे म्हणजे पैसे आणि माती दोन्ही वाया घालवणे. एक खबरदारी मात्र खरी आहे. दमेकऱ्यांना आणि ॲलर्जी असणाऱ्यांना या बीजाणूंचा त्रास होऊ शकतो. त्यांनी वाळलेली पूड झाडू नये, झाडायचीच झाली तर नाकाला रुमाल बांधावा.

फायसारमहून जास्त घाबरवते ती फ्युलिगो सेप्टिका. झाडांच्या बुंध्याशी टाकलेल्या सालपट्यांवर, कुजक्या लाकडावर, पालापाचोळ्याच्या ढिगावर ती पिवळीधमक, फेसाळ, हातभर पसरते आणि दोन दिवसांत भुरकट कवच धरून आत काळी पूड करते. इंग्रजीतले तिचे चालू नाव कुत्र्याच्या ओकारीवरून पडले आहे आणि ते अजिबात अन्यायाचे नाही. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत टेक्सास राज्यात, डॅलसजवळच्या गार्लंड गावी एका घराच्या परसात असा पिवळा गोळा वाढू लागला. परग्रहावरून काही उतरले की काय, अशी चर्चा वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. तज्ज्ञांनी पाहून फ्युलिगो असे सांगितल्यावर चर्चा मिटली. त्याच फ्युलिगोला मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ भागात काही लोक तळून खातात. त्यांनी तिला दिलेले नाव इथे देत नाही; तेही फारसे भूक वाढवणारे नाही. आपण खाऊन पाहू नये, कारण ही जात जस्तासारखे धातू शरीरात भरपूर साठवते.

या गटाला शास्त्रात जागा मिळायला फार वेळ लागला. १६५४ मध्ये थॉमस पांकोव्ह या जर्मन लेखकाच्या वनौषधींच्या ग्रंथात लायकोगालाचे, म्हणजे लाकडावरच्या गुलाबी गोळ्यांचे, चित्र आले. श्लेष्मबुरशीचे ते पहिले छापील चित्र मानतात. लिनियसने तिला बुरशींत बसवले. १८५८-५९ च्या सुमारास अंतोन द बारी याने बीजाणूतून सरपटणारी पेशी निघते हे नीट मांडले आणि हे जीव प्राण्यांकडे झुकतात असा आग्रह धरला. वाद पुढे शंभर वर्षे चालला. आज त्यांची गणना अमीबांच्या मोठ्या शाखेत होते, पण नावे ठेवण्याचे नियम अजून वनस्पती आणि बुरशींच्या संहितेतलेच लागू आहेत. विद्यापीठांत वनस्पतिशास्त्रवाले त्यांना प्राणिशास्त्राकडे ढकलतात आणि प्राणिशास्त्रवाले परत पाठवतात. या भानगडीत शिकवायचे राहून जाते.

कदाचित म्हणूनच या क्षेत्रातले पायाभूत काम हौशी माणसांनी केले. लंडनचे आर्थर लिस्टर हे मद्याचे व्यापारी. शस्त्रक्रियेत कार्बोलिक आम्ल वापरून जंतूंचा नायनाट करणारे जोसेफ लिस्टर हे त्यांचे सख्खे भाऊ. एक भाऊ सूक्ष्मजीव मारत होता, दुसरा जिवाणू खाणाऱ्यांची चित्रे काढत होता. आर्थर यांचा ग्रंथ १८९४ मध्ये निघाला. त्यांची मुलगी गुलिएल्मा हिने तो १९११ आणि १९२५ मध्ये वाढवून नव्याने सिद्ध केला आणि पुढची कित्येक दशके जगभरातून टपालाने येणारे नमुने ओळखून दिले. १९०४ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीने स्त्रियांना पहिल्यांदा प्रवेश दिला, त्या पहिल्या स्त्रियांत ती होती.

तिच्याकडे नमुने पाठवणाऱ्यांत जपानमधले मिनाकाता कुमागुसु होते. त्यांच्यापाशी थोडे थांबायला हवे. विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी नाही. तरुणपणी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये वाचन केले आणि मग वाकायामा प्रांतातल्या तानाबे या गावी स्थायिक झाले. घराच्या परसातल्या पर्सिमनच्या जिवंत झाडावर त्यांना एक श्लेष्मबुरशी सापडली. गुलिएल्मा लिस्टरने १९२१ मध्ये तिच्यासाठी नुसती नवी जात नव्हे, नवा वंशच स्थापन केला आणि त्याला मिनाकाटेला हे नाव दिले. जंगल नव्हे, परसातले झाड! १९०६ पासून जपान सरकारने गावोगावची लहान शिंतो देवळे मोडून मोठ्यांत विलीन करायचा सपाटा लावला, तेव्हा मिनाकाता त्याविरुद्ध उभे राहिले. देऊळ गेले की देवळाभोवतीचे राखलेले रान तुटते आणि रानाबरोबर त्यातले सूक्ष्म जीव जातात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापायी १९१० मध्ये काही दिवस तुरुंगातही राहिले. महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे देवराई आठवल्यावाचून राहणार नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास मांडला, तेव्हा त्यांचा मुद्दाही याच्या फार लांब नव्हता. १९२९ मध्ये सम्राट हिरोहितो तानाबेला आले. ते स्वतः जीवशास्त्रज्ञ, श्लेष्मबुरशीत रस घेणारे. मिनाकातांनी त्यांना नागातो या युद्धनौकेवर व्याख्यान दिले आणि ११० नमुने भेट दिले, कॅरॅमलच्या गोळ्यांच्या खोक्यांत भरून.

प्रयोगशाळांचे लक्ष या गटाकडे नव्याने वळले ते तोशियुकी नाकागाकी यांच्यामुळे. २००० मध्ये त्यांनी दाखवले, की फायसारम पॉलिसेफॅलमचा लेप चक्रव्यूहात पसरवून दोन टोकांना अन्न ठेवले तर तो फाटे आवरून घेतो आणि सर्वांत जवळची वाट धरून ठेवतो. २०१० मध्ये त्यांच्या गटाने टोकियोभोवतालच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले. लेपाने विणलेले जाळे प्रत्यक्ष रेल्वेच्या जाळ्याशी बरेच जुळले. याला बुद्धी म्हणावे का, यावर लिहिले फार जाते. मला त्या शब्दाची घाई नाही; मेंदूवाचून निवड होते, एवढे दिसले तरी पुष्कळ झाले. डिक्टिओस्टेलियम ही पेशीमय श्लेष्मबुरशी हा याच्या शेजारचा, पण स्वतंत्र विषय आहे. तिथे सुट्या पेशी उपाशी पडल्यावर एकत्र येतात आणि काही पेशी देठ होऊन मरतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्यानंद नंजुंडय्या यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले. त्याचा विचार इथे केलेला नाही.

भारतीय मिक्सोमायसीट्सवर के. एस. थिंड यांचे पुस्तक १९७७ मध्ये आले, लखनपाल आणि मुखर्जी यांचे १९८१ मध्ये. २०१२ मध्ये व्ही. डी. रानडे आणि सहकाऱ्यांनी देशभरच्या नोंदींची यादी प्रसिद्ध केली. जगात या गटाच्या सुमारे हजार जाती माहीत आहेत. आपल्या नोंदी जिथे एखादा अभ्यासक फिरला तिथल्या आहेत. जिथे कुणी फिरलेच नाही अशा तालुक्यांची यादी कितीतरी लांब आहे. घराघरांतल्या लॉनची तर नोंदच होत नाही, कारण तिथे ही गोष्ट सापडते त्याच दिवशी धुतली जाते.

सुरुवातीला लागते फार थोडे. दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक चाकू, फेव्हिकॉल आणि रिकाम्या काडेपेट्या. मणी लागलेले पाते वाळवून काडेपेटीच्या तळाला चिकटवले की नमुना वर्षानुवर्षे टिकतो. मोठमोठ्या संग्रहांतही अशाच छोट्या खोक्यांचा वापर होतो. पावसाळा नसेल तेव्हा बाभळीची किंवा आंब्याची वाळकी साल आणावी, झाकणाच्या डबीत टिपकागदावर ठेवून शुद्ध पाण्याने भिजवावी, दुसऱ्या दिवशी जादा पाणी ओतून टाकावे आणि डबी उजेडाच्या, पण थेट ऊन न लागणाऱ्या जागी ठेवून रोज भिंगातून पाहावी. गिल्बर्ट आणि मार्टिन यांनी १९३३ मध्ये ही ओल्या डबीची पद्धत मांडली. दोन-चार आठवड्यांत सालीवर मिलिमीटरहून लहान देठ उभे राहतात, कधी गुलाबी, कधी चॉकलेटी, कधी डायाचियासारखे पांढऱ्या देठावर निळसर चकाकणारे. काही वेळा काहीच येत नाही. तीही नोंदच.

लॉनवरची राख सापडली तर पंप आणण्याआधी तिच्यातली चार पाती बाजूला काढा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन दाखवा. तिथे कुणाला ओळखता आली नाही तरी नमुना टाकून देऊ नका. मात्र काडेपेटीवर गाव, तारीख आणि नमुना कशावर सापडला ते लिहून ठेवा. एवढे लिहिलेले नसेल तर उत्तम नमुनाही अभ्यासकाच्या उपयोगाचा राहत नाही.